खाली डोकं, वर पाय आणि गिरिजाक्का

गिरिजाक्का गेल्या त्या बसूनच गेल्या. त्यांच्या लिंगायत समाजात माणसाला शेवटचं आडवं नेत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या खुर्चीत ताठ बसवतात आणि खांद्यावरून वाजतगाजत नेतात. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर खांदेकऱ्यांचा पाय जरा अडखळला, खुर्ची एकदा पुढं झुकली, एकदा मागं आली आणि माझ्या मनात आलं, पट्टा नीट बांधलाय ना? मी घाईघाईनं पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, बाईंना हुंदका आवरेना. हुंदका होताच, पण हसूही होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. अक्का असत्या तर माझ्याआधी त्याच हसल्या असत्या आणि खांदेकऱ्यांना म्हणाल्या असत्या, "जरा जोरात घ्या की."

मी मूळची माढ्याकडची. सोलापुरात शाळेत नोकरी लागली तेव्हा जुळे सोलापुरात अक्कांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली अक्का आणि त्यांचे यजमान. यजमानांचं भुसार मालाचं दुकान होतं. अक्का त्यांना 'मालक' म्हणायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना मालकच म्हणायची. माणूस मोजकं बोलणारा, सकाळची पूजा तासभर चालणारा, आणि घरात पाल दिसली तरी आधी अक्कांना हाक मारणारा. अक्का त्यांच्या दुप्पट. अंगानं, आवाजानं आणि उत्साहानंही. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मराठी बोलता बोलता कानडीत कधी शिरल्या ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. मला त्या 'बाई' म्हणायच्या, आणि मी कशालाही घाबरले की "अंजब्याड, बाई" म्हणून पाठीवर थाप मारायच्या. अंजब्याड म्हणजे भिऊ नका. थाप अशी असायची की भीती जाऊन पाठच दुखायला लागायची.

अक्कांना एकच व्यसन होतं. पाळणा. साधा झोका असो, जत्रेतला आकाशपाळणा असो की गरगर फिरवून माणसाचं पीठ करणारं ते नवं यंत्र असो, जे जे वर जातं, खाली येतं आणि पोटात खड्डा पाडतं, त्यात अक्कांना बसायचं असे. दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्या तरी लिफ्टनं दोनदा वरखाली केल्याशिवाय त्या पेशंटकडं जात नसत. रिक्षावाल्याला सांगत, "ब्रेकरवर हळू करू नगंस." नवीन उड्डाणपूल झाला की त्यांना त्याच्या सोयीचं काही पडलेलं नसे, उतारावर पोट वर येतं की नाही एवढंच त्या विचारत. येत असेल तर पूल चांगला. नसेल तर, "काय बांधलंय, निस्ता सपाट!"

माझी आणि त्यांची खरी ओळख गड्ड्यावर झाली. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही सोलापूरकर गड्डाच म्हणतो. आधी देवाचं दर्शन, मग पाळणा, हा अक्कांचा क्रम. दर्शनाला मी हौसेनं गेले. पाळण्याला मला दंडाला धरून नेलं. आमची पेटी बरोबर टोकावर पोचली आणि वीज गेली. वर आम्ही दोघी, खाली गर्दी, मधे नुसता वारा. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. अक्कांनी पिशवी उघडली, कडक भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर शेंगाचटणी घातली आणि माझ्या हातात दिला. "खावा. एवढ्या वर कोन देतंय खायाला?" मी खाल्ला. ती कडक भाकरी गिळताना देवाचं नाव राहूनच गेलं.

तेवढ्यात अक्कांना आठवलं. त्या पेटीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि खाली ओरडल्या, "मालक! दूध गॅसवर हाय! घरी जावा!"

खालून बारीक आवाज आला, "तू खाली ये, मग जातो."

"आवो, उतू जाईल!"

"जाऊ दे!"

मालक दोघींच्या चपला हातात घेऊन पाळण्याच्या बुडाशी उभे होते आणि जनरेटर चालू होऊन आमची पेटी खाली येईपर्यंत तिथून हलले नाहीत. घरी आलो तर पातेलं कोळसा झालेलं. अक्का ते पातेलं आठवडाभर घासत होत्या आणि मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या, "मी काय वरनं उडी मारनार होते व्हय?" मालक पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता एवढंच.

वर्षातून एकदा गड्ड्यावर भागेना म्हणून अक्कांनी गल्लीतल्या बायकांची सहल सुरू केली. शाळेच्या परीक्षा संपल्या की मिनीबस ठरवायची आणि हैदराबादच्या बाजूला एक भलंमोठं पार्क आहे तिथं जायचं. पहाटे निघायचं, वाटेत इडली खायची, पार्क उघडायच्या आधी दारात हजर. गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या दोन घरच्या सुना होत्या, त्यांच्यावर वाट विचारायचं काम. मालकांवर सामान सांभाळायचं काम. माझ्यावर मालकांना सोबत करायचं काम, कारण मी कशात बसत नाही हे एव्हाना जगजाहीर झालं होतं. सगळ्या बायका आपापल्या पर्स, मोबाइल, चष्मे आणि चपला आमच्या दोघांभोवती टाकून पळायच्या. आम्ही दोघं त्या ढिगाऱ्यात बाकावर बसून असायचो, चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना बसावं तसं. मालक मधूनच मान वर करून अक्का कुठल्या पाळण्यात आहेत ते बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे.

अक्का कुठल्या पाळण्यात आहेत हे शोधावं लागायचं नाही. बाकीच्या बायका किंचाळायच्या, अक्का बोलायच्या. वर जाताना बोलायच्या, खाली येताना बोलायच्या, गरगर फिरताना शेजारच्या अनोळखी बाईला विचारायच्या की, "तुमी कुटल्या गावच्या?" एकदा त्या नावेसारख्या झुलणाऱ्या पाळण्यात त्यांनी गुलबर्ग्याच्या एका बाईंच्या मुलीसाठी स्थळ सुचवलं होतं. खाली उतरून दोघींनी फोन नंबरही घेतले. स्थळ जमलं नाही, पण दर दिवाळीला त्या बाईंचा फोन यायचा.

त्या पार्कात एक पाळणा मात्र अक्कांना लाभत नव्हता. रुळावरून गाडी सुटते, उंच चढते, आणि एका जागी पूर्ण गोल फिरून माणसाला खाली डोकं वर पाय करते, तो. नाव काहीतरी इंग्रजी होतं. आमच्या गल्लीत त्याचं नाव 'उलटा' पडलं. पहिल्या वर्षी अक्का उन्हात तासभर रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांचा नंबर आल्यावर दारावरच्या पोरानं सांगितलं की साडी चालत नाही. अक्कांनी पदर खोचून दाखवला, निऱ्या खोचून दाखवल्या. पोरगं नाहीच म्हणालं. अक्का परत आल्या आणि आइस्क्रीम खात म्हणाल्या, "पुढच्या साली बगते त्याला."

पुढच्या वर्षी अक्का सुनेकडून शिवून घेतलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये मिनीबसपाशी आल्या. सून पुण्यात, तिनं कुरिअरनं पाठवलेला. उभ्या आयुष्यात अक्कांनी साडीशिवाय काही नेसलेलं गल्लीनं पाहिलं नव्हतं. सगळ्या बायकांनी मालकांकडं पाहिलं. मालकांनी अक्कांना वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं.

"खिसा हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय की. दोन्ही बाजूनं."

"मग दुकानात बसतानाबी घालत जा. किल्ल्या हरवनार न्हायत."

झालं, परवानगी मिळाली. पण त्या वर्षी 'उलट्या'च्या दारात दुसरंच अडलं. पोरगं सगळ्यांना सांगत होतं की गळ्यातलं काढून लॉकरमध्ये ठेवा. अक्कांनी मंगळसूत्र काढून दारापर्यंत सोबत आलेल्या माझ्याकडं दिलं. मग पोरानं ड्रेसच्या गळ्यातून दिसणाऱ्या दोऱ्याकडं बोट दाखवलं. त्या दोऱ्याला अक्कांचं पूजेचं इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत. लिंगायत घरात मूल जन्मलं की ते गळ्यात बांधतात आणि मग ते अंगावरून उतरवायचं नाही, झोपताना नाही, आजारपणात नाही, अगदी शेवटच्या खुर्चीतही नाही.

"माताजी, ये भी निकालिए. उड़ जाएगा."

"हे न्हाय निघत," अक्का म्हणाल्या.

पोरगंही आपल्या जागी बरोबर होतं. ती डबी सुटून मागच्याच्या कपाळात बसली असती तर? अक्का रांगेतून बाहेर आल्या. बसच्या मागच्या बाकावर, जिथं सगळ्यात जास्त आदळतं तिथं, त्या नेहमी बसायच्या. त्या दिवशी परतताना पुढं बसल्या.

पुढच्या वर्षी अक्कांचे गुडघे गेले. जिना चढून माझ्याकडं येणं बंद झालं; खालूनच हाका मारायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे बदलायचे, उन्हाळ्यानंतरची तारीख दिली, आणि अक्कांनी विचारलंच, म्हणून हेही सांगितलं की त्यानंतर झटके बसतील असं काही करायचं नाही. पाळणे तर नाहीच. म्हणजे 'उलट्या'त बसायचं तर याच सहलीला, नाहीतर कायमचं राहिलं. अक्का डॉक्टरांना म्हणाल्या, "बरं." घरी येऊन मला म्हणाल्या, "बाई, ह्या साली बसनारच. कसं ते ठरवू."

त्यांच्याकडं सोमवारी घरचे जंगम स्वामी यायचे. जंगम म्हणजे त्यांच्यातले गुरुजी. अक्कांनी त्यांना चहा दिला आणि सरळ विचारलं, लिंग गळ्याऐवजी दंडाला बांधलं तर चालतंय का? मी भाडं द्यायला खाली गेले होते आणि ही सभा सोडून वर जाणं मला शक्यच नव्हतं.

"चालतंय की," स्वामी म्हणाले. "गळ्यात, छातीवर, दंडाला, डोक्यालाबी बांधतेत. निस्तं बेंबीच्या खाली जाऊ द्यायचं न्हाय."

अक्कांचा चेहरा उजळला. आणि इतका वेळ कोपऱ्यात हिशेबाला बसलेले मालक बोलले. "स्वामी, मानूस उलटा झाला तर?"

"म्हंजे?"

"खाली डोकं, वर पाय. तवा बेंबी वर आली आनि लिंग खाली गेलं. मग कसं?"

स्वामींनी कप खाली ठेवला. माझ्या माहितीप्रमाणं कुठल्याही पोथीत या प्रश्नाचं उत्तर नसावं. स्वामींनी डोळे मिटले. अक्कांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग स्वामींनी विचारलं, "किती वेळ ऱ्हातंय तसं?"

"डोळ्याचं पातं लवंपर्यंत," अक्का घाईनं म्हणाल्या.

"ऐका मग," स्वामी म्हणाले. "मानूस कसाबी झाला तरी बेंबी पोटावरच ऱ्हातीय आनि दंड खांद्यालाच ऱ्हातोय. डोक्याकडची बाजू ती वरची बाजू. आभाळ कुटं हाय ते इचारायचं न्हाय."

निकाल लागला. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. अक्कांनी स्वामींच्या पाया पडून मालकांकडं विजयानं पाहिलं. पण मालक काही हलके झालेले दिसले नाहीत. स्वामी गेल्यावर ते पायरीवर बसून चपला घालत होते, तेव्हा मला म्हणाले, "बाई, लिंगाचं स्वामींनी सांगितलं. हिचं कोन सांगनार?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेंबीची काळजी मालकांना कधी नव्हतीच.

अक्कांनी जाड खादीचा पट्टा शिवला, त्याला आतून डबीएवढा कप्पा आणि बाहेरून तीन बंद. सहलीच्या दिवशी पार्कात पोचल्यावर तो दंडाला बांधला, वर ड्रेसची बाही ओढली आणि मला सोबत घेऊन लंगडत 'उलट्या'च्या रांगेत गेल्या. या खेपेला दारावर एक मुलगी होती. तिनं गळा पाहिला, कान पाहिले आणि जा म्हणाली. खरं तर अक्का तशाच आत जाऊ शकल्या असत्या. पण त्यांनी स्वतःच बाही वर केली आणि दंड पुढं केला. "हे हाय बग. ओढून बग."

मुलीनं ओढून पाहिलं. पट्ट्यात बोट घालून पाहिलं, बोट जाईना. "माताजी, हमारे बेल्ट से तो आपका टाइट है," ती म्हणाली आणि दार उघडलं.

मी बाकावर परत आले तर मालक नव्हते. पर्स, चपला, चष्मे तसेच उघड्यावर पडलेले. आजवर हा माणूस ढिगारा सोडून कधी उठला नव्हता. गल्लीतल्या एका सुनेला सामानापाशी बसवून मी शोधायला निघाले, तेवढ्यात वर गाडी चढायला लागली.

मालक सापडले कुल्फीच्या गाडीमागं. नळावर हातपाय धुतलेले, ओले. फरशीवर मांडी घातलेली, गळ्यातल्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलेलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून त्यावर पंच्याचा आडोसा. त्यांच्यात पूजा अशीच करतात, नजर तळहातावरून हलू द्यायची नाही. भोवती ओली पोरं पिचकाऱ्या घेऊन पळत होती. कुल्फीवाला गाणी लावून बसला होता. डोक्यावरून गाडी धडधडत गेली आणि सगळ्या बायकांची एकच किंकाळी उठली. मालकांचे ओठ आणखी भराभर हलू लागले. नजर काही हलली नाही. मी मान दुसरीकडं वळवली. तिथं थांबायला मला संकोच वाटला आणि त्यांना एकटं सोडून जायलाही.

अक्का उतरल्या तशी मी दाराकडं गेले. केस सुटलेले, चेहरा लाल. "मालक कुटं?" एवढंच विचारलं. मी बोट दाखवलं. त्या लंगडत कुल्फीच्या गाडीमागं आल्या आणि पाहिलं. मी हाक मारणार तर त्यांनी माझा हात दाबला. त्या मोडक्या गुडघ्यांवर, उन्हात, भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. खुर्ची आणते म्हटलं तर मानेनंच नको म्हणाल्या.

मालकांनी लिंग कपाळाला लावलं आणि वर पाहिलं.

"झालं?"

"झालं."

"गच्च होतं न्हवं?"

"गच्च होतं."

मालक लिंग डबीत ठेवायला लागले, पण झाकण काही बसेना. अक्का कशाबशा खाली वाकल्या आणि झाकण लावून दिलं. मग म्हणाल्या, "उलटी झाले तवा बाकाकडं बगितलं. तुमी न्हवता."

"हितं होतो."

"ते आता दिसलं. तवा न्हाय दिसला. तवा लई भ्या वाटलं बगा."

स्वतःला भीती वाटली, असं अक्कांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. मालकांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला, आणि त्या रुळांकडं पाहिलं. गाडी रिकामी होऊन पुन्हा दाराशी लागत होती.

"गुडघं हायत तवर आनखी एकदा बसून घे," ते म्हणाले. "मी बाकावर बसतो."

अक्का लहान मुलीसारख्या वळल्या आणि लंगडत पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. दंड आधीच पुढं केलेला.

मालक बाकाच्या बरोबर मध्यावर येऊन बसले, जिथून वरून दिसतील असे. त्यांनी डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, वर पंचा ओढला. गाडी चढायला लागली. मी शेजारी बसले होते आणि मी पाहिलं, पंच्याखाली हात स्थिर होता, ओठ हलत होते, आणि मालकांची नजर तळहातावर नव्हती. ती वर होती, त्या गाडीबरोबर फिरत.